डबीत उतरवलेला कान

मला राग लवकर येतो. सोनईत हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या आईच्या मते मी जन्मले तीच कपाळाला आठी घालून. तेव्हा पुढचं थंड डोक्याने लिहिलंय असं कुणी समजू नये. या गोष्टीला आता बरेच महिने झाले, तरी लिहायला बसले की दात आपोआप आवळले जातात.

वडिलांना आम्ही तात्या म्हणतो. बाजारतळाच्या अंगाला त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. पत्र्याचं शेड, तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचा वास आणि दाराशी पडलेल्या जळक्या मोटरी. आमच्याकडे ऊस, म्हणजे विहीर आली, बोअर आला, मोटर आली, आणि मोटर आली की ती कधी ना कधी बिघडणार. बिघडली की तात्यांकडे. तात्या मोटर चालू करायचे, हातभर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिच्या अंगावर टेकवायचे, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग निकाल. "बेरिंग गेलंय." "रोटर घासतोय." "काई झालं न्हाई हिला, उगं आणली. घिऊन जा." सगळं मोटर न उघडता. आणि उघडली की तेच निघायचं.

गावात कुणी जुनी मोटर घ्यायला निघाला की लोक किंमत नंतर विचारायचे. आधी विचारायचे, "तात्यांनी ऐकली का?" घरातही तोच कायदा. तात्यांनी डोळे मिटले की आई हातातलं भांडं खाली ठेवायचीही थांबायची. मोटरीच्या बाबतीत तात्यांनी एकदा सांगितलं की पुढे कुणी बोलायचं नाही. हा कायदा मी लहानपणापासून पाळला, आणि सगळा घोळ त्यातूनच झाला.

मी फिजिक्सवाली. नगरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे तासाला बोलावतात आणि सुट्टी लागली की विसरतात. सोबत पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पीएचडी चालू आहे. विषय असा की मेंदूच्या धर्तीवर चालणारं हार्डवेअर करायचं, आणि तेही चुंबकांचं. थोडं सोपं करून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई नुसतीच चिडते.

नखाएवढ्या चिपवर चुंबकाचे ठिपके असतात. एकेक ठिपका केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढा. ठिपक्यात दोन पातळ चुंबकी थर आणि मधे त्याहून पातळ पडदा. दोन्ही थरांची तोंडं एका दिशेला असली की वीज सहज जाते, विरुद्ध असली की अडते. आपल्या नेहमीच्या कॉम्प्युटरात लक्षात ठेवायची जागा वेगळी आणि विचार करायची वेगळी, त्यामुळे माहितीची सारखी ने-आण करण्यात त्याची बरीच वीज जाते. मेंदूत जिथे आठवण तिथेच विचार. या ठिपक्यांचंही तसंच आहे. उत्तर चुकलं की विजेचा बारीक झटका द्यायचा, काही ठिपके तोंड फिरवतात, आणि असं करत करत चिप शिकते. शिकलेलं लाईट गेली तरी पुसलं जात नाही. आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे हा गुण मला फार मोठा वाटला.

जगभर असल्या चिपला हाताने लिहिलेले आकडे ओळखायला शिकवतात. पीएचडीच्या आमच्या सरांचंही म्हणणं तेच होतं. आकडे तयार मिळतात, दोन महिन्यांत काम होईल, पेपर टाकू, मोकळे होऊ. मी म्हटलं, मला मोटर ऐकायला शिकवायचंय. सर म्हणाले, "मोटर?" जणू मी गोठ्यातलं काहीतरी त्यांच्या टेबलावर आणून ठेवलं होतं.

मला तात्यांचा कान त्या चिपमध्ये उतरवायचा होता. भाऊ चाकणला कंपनीत लागला, तो काही दुकानात बसणार नव्हता. तात्यांनी सत्तरीकडे तोंड केलेलं. त्यांच्यामागे हा कान संपणार, आणि तो कुठल्या पुस्तकात लिहिलेला नाही. मला तो संपू द्यायचा नव्हता. एवढी एकच गोष्ट मला हवी होती, आणि तिच्यासाठी मी सरांशी चार महिने भांडले. शेवटी ते म्हणाले, करा काय करायचं ते. मी विचारलं, पेपरात तात्यांचं नाव घालायचं ना, शिकवणार तर तेच आहेत. सर हसले. "मेकॅनिकचं नाव लेखकांत? आभारात टाकू की एक ओळ." तळपायाची आग मस्तकात गेली. पण चिप त्यांच्या हातात होती, म्हणून गप्प बसले.

तेव्हापासून दर रविवारी सोनई. शनिवारी नाही, शनिवारी शिंगणापूरच्या गर्दीत एसटीत पाय ठेवायला जागा नसते. रविवारी सकाळी नगरहून निघायचं, घोडेगावला उतरायचं, तिथून जी मिळेल ती गाडी. पिशवीत डबी. चिप, तिच्या भोवतीची सर्किटं, मोटरीच्या अंगाला चिकटवायचा एक सेन्सर, हिरवा दिवा, लाल दिवा, एक बटण. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे बिघाड. आधी डबी ऐकणार, तिचं उत्तर मी वहीत लिहिणार, आवाज लॅपटॉपमध्ये साठवणार. मग तात्या ऐकणार. दोघांचं जुळलं तर उत्तम. नाही जुळलं तर तात्यांचं खरं धरायचं आणि बटण दाबायचं. बटण म्हणजे झटका. डबीला पुन्हा शिकवणी.

पहिलं वर्ष काय सांगू! सुरुवातीला डबी अगदीच मठ्ठ होती, चांगल्या मोटरीलाही लाल दिवा. मग हळूहळू डोकं चालायला लागलं. एका रविवारी एका मोटरीवर तात्यांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवायच्या आधीच लाल लागला. तात्यांनी ऐकलं, मोटर उघडली, तर बेरिंगच्या गोळ्या झिजलेल्या. "आरं तिच्या! शिकती की गं ही!" असं म्हणून त्यांनी डबीवर थाप मारली. मी किंचाळले, कारण आतली तार नाजूक होती. पण त्यांचा चेहरा असा फुलला होता की पुढचं रागवायचं राहून गेलं. त्यानंतर ते गिऱ्हाइकांना सांगायला लागले, "हिला मी शिकवतोय." रविवारी इस्त्रीचा सदरा घालायचे. वार्निशच्या दुकानात इस्त्रीचा सदरा! आई म्हणायची, "म्हातारपणी मास्तर झालेत."

दुसऱ्या वर्षी डबी बिघडली. निदान मला तसं वाटलं. तात्या म्हणायचे "झकास हाय" आणि डबी लाल. मी बटण दाबायची. पुढच्या रविवारी पुन्हा तेच, पुन्हा बटण. मी डबीला शिव्या घातल्या. मधला पडदा फाटला असेल म्हणून पुण्याला जाऊन दुसरी चिप आणली, पहिल्या वर्षीचे आवाज ऐकवून ती तयार केली, तर तीही तेच बोलायला लागली. तीसुद्धा लालच. मग तिलाही झटके. इतके झटके दिले की शेवटी दोन्ही चिपा मुकाट तात्यांच्या हो ला हो करायला लागल्या. मी खूश. मूर्ख कुठली!

या काळात तात्या माझ्याशी फोनवर बोलायचे बंद झाले होते. फोन लावला की "तुज्या आईशी बोल" आणि लगेच फोन आईकडे. माझी समजूत अशी की ते रुसलेत, चौतिशी झाली तरी पोरगी तासावर शिकवते आणि लग्नाचं नाव काढत नाही म्हणून. तर मीही हट्टी. म्हटलं, नसेल बोलायचं तर राहिलं. रविवारी दुकानात समोर बसून आम्ही मोटरींबद्दल बोलायचो, तेवढं पुरे होतं.

दुसरी चिप अजून वठणीवर यायची होती तेव्हाच एक दिवस एक शेतकरी पिकअपमध्ये मोटर घालून आला. दोनच आठवड्यांपूर्वी तीच मोटर तात्यांनी "झकास" म्हणून परत पाठवली होती. डबीने लाल दाखवला होता आणि मी बटण दाबलं होतं. आता ती आतून जाम होऊन जळाली होती. उसाला पाणी द्यायची पाळी चुकली होती. माणूस भांडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "तात्या, तुमी ठीक म्हनला म्हनून बसवली." तात्या म्हणाले, "व्होल्टेज कमी हुतं." आणि मी, फिजिक्सची बाई, मान डोलावली. व्होल्टेज कमी असणारच! तात्या चुकणार कसे?

पुण्याला सरांनी एकदा सहज हेडफोन मागितला. मी दुसऱ्या वर्षीचे काही आवाज लावून दिले. सर ऐकत होते, मधेच थांबले. म्हणाले, "ही सीऽऽ अशी बारीक शिट्टी कसली आहे?" मी वही बघितली. जळालेली तीच मोटर. डबी लाल, तात्या ठीक. सर मिस्कील हसून म्हणाले, "अहो, हे मला सोसायटीत राहणाऱ्या माणसाला ऐकू येतंय. तुमच्या एक्स्पर्टला नाही?"

त्यांच्या डोक्यात हेडफोन घालावा असं वाटलं. खोलीबाहेर आले, जिन्यात बसले आणि मग सुचलं. चाळीस वर्षं ग्राइंडरच्या आणि मोटरींच्या घरघरीत बसलेला माणूस. मोटरीची घुईं जाड असते, ती शेवटपर्यंत ऐकू येते. बेरिंगची शिट्टी बारीक, आणि कानातून आधी जातो तो बारीक आवाज. हे मी बी.एस्सी.च्या पोरांना शिकवते. फळ्यावर आकृती काढून शिकवते!

पुढच्या रविवारी मी एक नीच काम केलं. तात्या पाठमोरे बसून तार गुंडाळत होते. मी फोनमध्ये ती बारीक शिट्टी भरून आणली होती. त्यांच्या पाठीमागे, दोन हातांवर, बाकावर फोन ठेवला आणि आवाज पूर्ण वाढवला. दाराशी झोपलेलं कुत्रं उठून बसलं. शेजारचा खतवाला डोकावून म्हणाला, "काय वाजतंय वो?" तात्या तार गुंडाळत राहिले. मोजत होते, ओठ हलत होते.

दया यायला हवी होती. नाही आली. डोकं फिरलं. मी समोर जाऊन उभी राहिले आणि ओरडले, "तुम्हाला ऐकू येत नाही! तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही निकाल देताय! माझी दोन वर्षं घालवलीत! त्या माणसाची मोटर घालवलीत!" बहिऱ्याला ऐकू जावं म्हणून ओरडायचं तर ते सगळ्यांनाच ऐकू जातं, एवढी साधी गोष्ट मला कळली नाही. खतवाला, चहावाला, मोटर घेऊन आलेली दोन गिऱ्हाइकं, सगळा बाजारतळ. तात्यांनी तार खाली ठेवली. ती सुटली आणि गुंता झाला. "व्हय," एवढंच म्हणाले आणि गुंता सोडवायला लागले.

आईने त्या दिवशी मला जेवायलाही वाढलं नाही. म्हणाली, "मला ठावं हुतं. फोन माझ्याकडं का देत्यात वाटलं तुला? पर मी बाजारात बोंबलायला गेले न्हाई."

बातमी सोनईभर झाली. लोक वाईट नसतात, पण त्यांना आपली मोटर प्यारी. मोटर घेऊन यायचे, तात्यांनी स्क्रू ड्रायव्हर उचलला की बाजूला बघायचे आणि विचारायचे, "तात्या, ती ताईंची डबी काय म्हणती?" डबी तर नगरला माझ्याकडे. मग मोटर कुकाण्याच्या मेकॅनिककडे न्यायचे. मी जायची बंद झाले. लाज वाटत होती, आणि मला लाज वाटली की तिचा पुन्हा रागच होतो.

पण काम सोडवेना. नवी चिप घेतली. तिला फक्त पहिल्या वर्षीच्या रविवारचे आवाज आणि तात्यांची त्या वेळची उत्तरं शिकवली. मग दुसऱ्या वर्षीच्या मोटरी ऐकवल्या. त्या त्या मोटरींचं पुढे काय झालं ते मालकांच्या घरी जाऊन विचारून आले. चिपचं जवळजवळ सगळं बरोबर. तात्यांचं चुकत गेलेलं. कुणाचं किती बरोबर, याच्या मी रविवारांच्या ओळीवर दोन रेघा काढल्या, एक चिपची, एक तात्यांची. वर्षभर दोन्ही हातात हात घालून चालल्या होत्या. मग तात्यांची रेघ खाली यायला लागली होती.

सर तर हरखलेच. "हेच! हेच शीर्षक! यंत्राने तज्ज्ञाला हरवलं!" मी म्हटलं, "कुणाला हरवलं? त्या चिपमध्ये तात्यांचाच कान आहे, सर. पहिल्या वर्षीचा. तात्यांनी शिकवलं म्हणून तिला कळतंय." सर म्हणाले, "भावनिक होऊ नका. आलेख बोलतोय." मी म्हटलं, "आलेख माझा आहे आणि रेघ माझ्या बापाची आहे. त्यांना विचारल्याशिवाय ती कुठेही छापायची नाही." सर म्हणाले, मुदत आठवड्याची आहे, तुमचा निर्णय. मी दार आपटून निघाले. दाराला वरती स्प्रिंग होती, त्यामुळे ते हळूच बंद झालं. त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी आलेखाचा कागद घेऊन सोनईला गेले. मधला वार, भर दुपार. दुकानात एकही मोटर नव्हती. तात्या स्टुलावर बसून बेरिंगच्या जुन्या गोळ्या रॉकेलमध्ये धूत होते, कुणाला नको असलेल्या. मी समोर बसले, त्यांना माझं तोंड दिसेल अशी, आणि कागद पुढे केला.

त्यांनी हात पुसले, चष्मा लावला. "ह्यो कशाचा?"

"तुमचा," मी म्हटलं. जरा मोठ्याने, पण ओरडून नाही. कुठली रेघ कुणाची, कुठे किती चुकलं, सगळं सांगितलं. सरांना काय छापायचंय तेही सांगितलं. वाटलं होतं, चिडतील. चिडायला हवे होते. मी त्यांचीच पोरगी, माझा राग काही आकाशातून पडलेला नाही.

तात्यांनी तेलकट बोट रेघेवर ठेवलं आणि सावकाश पुढे नेलं. एका ठिकाणी थांबले. "हितं," म्हणाले. "पोळ्याच्या आधीचा रईवार. हितपर्यंत माजं हाय. हितपर्यंत माजं नाव लाव. म्होरलं काढून टाक, त्ये माजं न्हवं."

मी खाली तारीख बघितली. पोळ्याच्या आधीचाच रविवार होता.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय. त्या दिशी ग्राइंडर बंद केला आन् बेरिंग काई बोललंच न्हाई. नुस्ती घुईं. मला वाटलं मोटर चांगली हाय. मग दुसरी लावली, तिसरी लावली. समद्याच चांगल्या." ते किंचित हसले. "समद्या मोटरी येकाच दिशी चांगल्या हुत न्हाईत."

झालं. माझा पुन्हा तोल गेला. "म्हणजे वर्षभर? तात्या, वर्षभर तुम्ही मला समोर बसवून खोटं सांगत होतात? मी चिपला झटके देत होते, तुमचं खरं मानून! दोन चिपा नासवल्या मी! तो माणूस ऊस वाळवून बसला! पहिल्याच दिवशी एक शब्द सांगितला असतात तर मी..."

"त्या दिशी सांगितलं आसतं," तात्या म्हणाले, "तर म्होरल्या रईवारी तू आली आसतीस का?"

चष्मा खाली घेऊन ते माझ्या ओठांकडे बघत होते, उत्तर सुटू नये म्हणून. खतवाला त्याच्या दारात उभा होता. चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला होता. मी तोंड उघडलं. "आले असते" म्हणायचं तर ते तात्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणावं लागणार होतं, आणि ते या सगळ्यांनी ऐकलं असतं. डबी नव्हती तेव्हा मी वर्षातून दोनदा यायचे, हे त्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.